चौथ्या क्वार्टरमध्ये आपल्या मुलींचं काय होतं?

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

"आम्ही फलटण तालुक्यातले. शेती आहे, दोन म्हशी आहेत. थोरली मुलगी तेरा वर्षांची, शाळेच्या मुरमाच्या मैदानावर हॉकी खेळते. आमच्या भागात हॉकी म्हटलं की वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ ही नावं आधी निघतात. त्यांच्याकडे बघूनच तिनं स्टिक हातात घेतली. २०२५ च्या जूनमध्ये प्रो लीगचे सामने आमचे हे मोबाईलवर बघायचे, शेजारी पोरगी. एकामागून एक सामने हरले. शेवटी चीनकडून हरल्यावर हे म्हणाले, 'यांना देशाचं काही पडलेलं नाही, नोकरी लागेपर्यंत खेळायचं आणि मग झालं.' तेव्हापासून पोरगी गप्प आहे. मैदानावर जाते, पण आल्यावर काही सांगत नाही. निवासी क्रीडा प्रबोधिनीसाठी तिची निवड झाली आहे, फॉर्म घरात पडून आहे. हे म्हणतात, ज्या खेळात देशाचा संघच तळाला गेला त्यात पोर कशाला घालायची? टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथा आलेला संघ एवढा घसरला कसा, ते मला समजेल असं सांगा. आणि पोरीला पाठवू की नको, तेही सांगा."

ताई,

आधी दाजींच्या त्या वाक्याचं बघू, कारण तुमच्या घरात सध्या पराभवापेक्षा त्या वाक्यानं जास्त नुकसान केलंय. पोरगी गप्प झाली ती संघ हरला म्हणून नाही. ज्या मुलींसारखं व्हायचं तिनं मनाशी धरलंय, त्यांना खेळाची पर्वाच नाही असं तिच्या बापानं तिच्यासमोर सांगितलं. मग आपणही उद्या हरलो तर घरी हेच ऐकायचं, एवढा अर्थ तेरा वर्षांची मुलगी बरोबर लावते.

आणि दाजींचं म्हणणं खरंही नाही. राग रास्त आहे, रागाचं कारण चुकीचं धरलंय.

हंगामाचा हिशोब मांडते. २०२४-२५ च्या प्रो लीगमध्ये, म्हणजे जगातल्या पहिल्या फळीतल्या संघांच्या स्पर्धेत, नऊ संघ होते, प्रत्येकाचे १६ सामने. आपल्या मुलींना १० गुण मिळाले, नववा नंबर आला आणि खालच्या नेशन्स कपमध्ये जावं लागलं. फेब्रुवारीत भुवनेश्वरला झालेल्या आठ सामन्यांत ९ गुण होते. जूनमध्ये लंडन, अँटवर्प आणि बर्लिनला मिळून आठ सामने झाले, त्यातून आला फक्त १ गुण. तोही अर्जेंटिनाशी २-२ बरोबरी झाली म्हणून, पुढे शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायला एकेक खेळाडू गोलरक्षकासमोर जाते त्यात, तो सामनाही गेलाच.

हे आकडे वाईटच आहेत, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या आत जरा डोकावून बघा. १५ जूनला लंडनमध्ये ऑस्ट्रेलियाशी सामना होता. दुसऱ्या क्वार्टरमध्ये (सामन्यात पंधरा मिनिटांचे असे चार क्वार्टर असतात) आपण एका गोलनं मागे पडलो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बरोबरीचा गोल केला तो तुमच्याच भागातल्या वैष्णवीनं. चौथ्या क्वार्टरमध्ये मुलींनी ती बरोबरी अगदी शेवटपर्यंत धरून ठेवली आणि शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला. १-२. आता २९ जूनचा बर्लिनचा सामना घ्या, ज्यानंतर दाजी तसं बोलले. मध्यंतराला चीन २-१ नं पुढे होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ऋतुजा पिसाळनं गोल करून २-२ केलं. चौथ्या क्वार्टरमध्ये चीननं तिसरा गोल केला. २-३.

दोन सामने, दोन वेगळी शहरं, दोन वेगळे प्रतिस्पर्धी. दोन्हीकडे फलटणच्या मुलीनं बरोबरी साधून दिली आणि दोन्हीकडे सामना चौथ्या क्वार्टरमध्ये हातचा गेला. ज्यांना देशाचं पडलेलं नाही त्या मुली परक्या मैदानावर पिछाडी भरून काढत नाहीत हो. त्या पिछाडी भरून काढतात, आणि मग शेवटच्या पंधरा मिनिटांत पाय, डोकं आणि बदली खेळाडू पुरत नाहीत. माझ्या मते या हंगामाचं दुखणं हे आहे. त्याची कारणं सांगता येतात आणि त्यातली बरीचशी तुमच्या मुलीच्या वयात सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठं कारण पेनल्टी कॉर्नर. तुम्ही सामना बघताना पाहिलं असेल, बचाव करणाऱ्या संघाचा डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, फाउल झाला की खेळ थांबतो. गोलरक्षक धरून पाचच जणी गोलरेषेमागे उभ्या राहतात, बाकीच्यांना हाफलाइनपलीकडे पाठवतात. आपल्यातली एक जण गोलखांबापासून दहा मीटरवरून बॉल डीच्या बाहेर ढकलते, दुसरी तो स्टिकनं जागच्या जागी थांबवते, तिसरी फ्लिक मारते, म्हणजे बॉल स्टिकनं ओढून गोलकडे भिरकावते; तिला फ्लिकर म्हणतात. बॉल सुटल्यापासून गोलकडे जाईपर्यंत जेमतेम दीड-दोन सेकंद. तेवढ्यात समोरून एक मुलगी जिवावर उदार होऊन सरळ फ्लिकरच्या अंगावर धावत येते. बॉल थांबवताना वीतभर इकडे-तिकडे झाला तरी पुढचं सगळं बिघडतं. जागतिक दर्जाच्या सामन्यात मैदानी गोल मिळणं अवघड असतं, म्हणून मोठे संघ यावर जगतात. टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत आपण ऑस्ट्रेलियाला १-० नं हरवलं, तो एकमेव गोल गुरजित कौरनं पेनल्टी कॉर्नरवरच केला होता. आणि जानेवारी २०२४ मध्ये रांचीत जपानकडून ०-१ नं हरून पॅरिस ऑलिम्पिकची वाट बंद झाली, त्या दिवशी आपल्याला एकापाठोपाठ एक पेनल्टी कॉर्नर मिळाले होते. एकही आत गेला नाही.

आता यातली एक गोष्ट टीव्हीवर कुणी समजावून सांगत नाही. हॉकीत खेळाडू कितीही वेळा आतबाहेर करता येतात, पण पेनल्टी कॉर्नर दिला गेला की तो पूर्ण होईपर्यंत बदली करता येत नाही. त्या क्षणी मैदानावर ज्या आहेत त्यांनीच तो घ्यायचा. गुरजित बचावफळीतली होती. बचावपटू मैदानावर जास्त वेळ असतात, त्यामुळे कॉर्नर मिळाला की ती बहुतेक वेळा आत असायची. या संघातली मुख्य फ्लिकर दीपिका आघाडीला खेळते. हिसारची मुलगी, फार गुणी. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजगीरला आशियाई चॅम्पियन्स करंडकात तिनं ११ गोल केले, अंतिम सामन्यात चीनविरुद्धचा एकमेव गोलही तिचाच. पण आघाडीच्या खेळाडूला सतत पळायचं असतं. समोरच्या बचावपटूंना धड बॉल खेळू द्यायचा नाही, ही पहिली जबाबदारी तिचीच असते. म्हणून तिला दर थोड्या मिनिटांनी बाहेर घेऊन ताजी मुलगी पाठवावी लागते. ती बाहेर बसलेली असताना कॉर्नर मिळाला तर? तिच्या तोडीची दुसरी फ्लिकर आत असायला हवी, आणि तिसरीही. तिथं आपण उघडे पडतो. अख्ख्या शेताला पाणी द्यायला विहिरीवर एकच मोटर असावी आणि नेमक्या पाळीच्या दिवशी ती बंद असावी, तशी गत होते. ती एक मोटर चांगली आहे एवढ्यावर शेत भिजत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या फ्लिकर मुली तयार का होत नाहीत? कारण ही फ्लिक, जिला ड्रॅग-फ्लिक म्हणतात, मुरमावर शिकता येत नाही. फ्लिक मारणारी मुलगी पळत येते, बॉल स्टिकच्या मानेपाशी अडकवते, पाय लांब टाकून कंबरेतून जवळजवळ जमिनीपर्यंत वाकते आणि बॉल मागून पुढे ओढत आणून सोडते. या सगळ्या ओढीत बॉल स्टिकला चिकटून राहायला हवा. ओल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, तो राहतो. मुरमावर एक खडा लागला की उसळी घेतो आणि स्टिकवरून निघून जातो. तुमच्या मुलीला विचारा, ती लगेच सांगेल. म्हणजे जी मुलगी सोळाव्या-सतराव्या वर्षी पहिल्यांदा टर्फवर जाते ती तिथून फ्लिक शिकायला लागते. नेदरलँड्सची मुलगी शाळेत असल्यापासून क्लबच्या टर्फवर खेळत असते. हे अंतर शिबिरात दोन महिने घाम गाळून भरून निघत नाही.

पुरुषांच्या हॉकीला हाच फटका फार आधी बसलाय. १९७५ मध्ये क्वालालंपूरला गवतावर आपण विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम टर्फ आल्यावर सातव्या नंबरवर गेलो. तेव्हापासून टर्फ वाढली, पण ती शहरांत वाढली. मुली मात्र येतात त्या सिमडेग्याच्या, हिसारच्या, फलटणच्या खेड्यांतून. या संघाची कर्णधार सलिमा टेटेही झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावातली. खेळाडू एकीकडे आणि मैदान दुसरीकडे, ही या खेळाची जुनी अडचण आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो.

आता पायांचं आणि डोक्याचं. साठ मिनिटांच्या सामन्यात पंचेचाळीस मिनिटं आपल्या मुली कुणाशीही बरोबरीनं खेळतात. हे मी प्रेमापोटी म्हणत नाही. याच हंगामात फेब्रुवारीत त्यांनी जर्मनीला १-० नं हरवलं आणि ऑलिम्पिक विजेत्या नेदरलँड्सशी २-२ करून शूटआउटमध्ये सामना घेतला. गोलरक्षक सविता पुनिया त्या शूटआउटमध्ये भिंत होऊन उभी होती. मग जूनमध्ये काय झालं? दमलेलं शरीर काय करतं ते बघा. पहिला स्पर्श जड होतो. बॉल आला की स्टिकवर थांबायच्या ऐवजी हातभर पुढे जातो आणि तेवढ्यात समोरची तो काढून घेते. मग त्याच मुलीला उलटं फिरून पळावं लागतं. पोहोचायला अर्धं पाऊल उशीर होतो, मग समोरून अडवायच्या ऐवजी बाजूनं स्टिक घातली जाते, पायाला लागते, पंच हात दाखवतो आणि पेनल्टी कॉर्नर जातो. बघणाऱ्याला वाटतं मुलगी बेफिकीर झाली. ती बेफिकीर नसते, तिच्या पायांत काही उरलेलं नसतं. तेव्हा बाहेरून तिच्याच ताकदीची ताजी मुलगी आत आली तर गाडी सावरते. मोठ्या संघांची दुसरी फळी पहिलीच्या आसपास असते. आपल्याकडे पहिल्या आठ-दहा जणींनंतर अनुभव एकदम खाली येतो.

तो खाली यायचंही कारण आहे. टोकियोचा संघ बघता बघता पांगला. टोकियोची कर्णधार राणी रामपालनं ऑक्टोबर २०२४ मध्ये निवृत्ती घेतली. वंदना कटारिया एप्रिल २०२५ मध्ये थांबली. ३२० आंतरराष्ट्रीय सामने आणि १५८ गोल घेऊन गेली ती. गुरजित संघाबाहेर. अशा मुली गेल्या की गोल तर जातातच, पण पंचावन्नाव्या मिनिटाला "आता बॉल कोपऱ्यात घेऊन जा, उगाच आत मारू नकोस" असं शेजारणीला ओरडून सांगणारा आवाजही जातो. तो आवाज शिबिरात तयार होत नाही. तो सामने हरून-जिंकून तयार होतो.

आणि सामनेच कमी आहेत. युरोपातल्या मुली हंगामभर दर आठवड्याच्या शेवटी क्लबसाठी खेळतात. एका गोलची आघाडी शेवटची दहा मिनिटं कशी राखायची, एका गोलनं मागे असताना घाई न करता कसं खेळायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. आपल्या मुली वर्षातला मोठा काळ बंगळुरूच्या शिबिरात असतात आणि आपसात खेळतात. महिलांची हॉकी इंडिया लीग पहिल्यांदा झाली ती जानेवारी २०२५ मध्ये, रांचीला, चार संघांची. तिचा अंतिम सामना दाजींनी पाहिला नसेल तर जरूर शोधून दाखवा. ओडिशा वॉरियर्सनं सूरमा संघाला २-१ नं हरवलं, दोन्ही गोल ऋतुजा पिसाळचे, आणि दुसरा केला तेव्हा सामना संपायला थोडाच वेळ उरला होता. म्हणजे शेवटच्या मिनिटांत डोकं थंड ठेवून गोल करणं आपल्या मुलींना जमतं. तसे प्रसंग वर्षातून दोन-चारदा न येता दर आठवड्याला आले पाहिजेत. चार संघांची लीग ही सुरुवात झाली, पोटभर नाही.

प्रशिक्षकांबद्दल थोडंच लिहिते, कारण टीव्हीवर सगळा दोष तिथंच टाकतात. टोकियोनंतर श्योर्ड मरिने गेले, यानेके शॉपमन आल्या, पॅरिसची संधी हुकल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, त्यानंतर हरेंद्र सिंग आले. चार वर्षांत तिसरे मुख्य प्रशिक्षक. हरेंद्र यांनी २०१६ मध्ये ज्युनियर मुलांना विश्वचषक जिंकून दिलाय, माणूस कच्चा नाही. पण प्रत्येक जण आपली पद्धत आणतो. कुणी म्हणतं वरपर्यंत जाऊन अडवा, कुणी म्हणतं मागे थांबून जागा बंद करा. ताज्या पायांनी नवी पद्धत पाळता येते, दमल्यावर खेळाडू जुन्या सवयीवर जाते. अकरा जणींच्या जुन्या सवयी वेगवेगळ्या असतील तर बचावात भोकं पडणारच.

अपेक्षेचंही बोलायला हवं. आपण टोकियोचा चौथा नंबर मनात धरून बसलो. तो खराच होता, कष्टानं मिळवलेला होता, ब्रिटनविरुद्धचं कांस्य ३-४ असं एका गोलनं हुकलं तेव्हा आपण सगळ्यांनी डोळे पुसले. त्यानंतर घरच्या मैदानावर यश आलं. २०२३ मध्ये रांचीला आणि २०२४ मध्ये राजगीरला आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला. राजगीरला तर पॅरिसचं रौप्य घेऊन आलेल्या चीनला एकाच स्पर्धेत दोनदा हरवलं. आपल्याला वाटलं, झालं, आता हा संघ वर गेला. सात महिन्यांनी बर्लिनमध्ये त्याच चीनकडून लागोपाठ दोन सामने हरलो. घरच्या प्रेक्षकांसमोर, ओळखीच्या हवेत जिंकणं आणि पंधरवडाभर तीन शहरं फिरत ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, बेल्जियम, चीन यांच्याशी दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभं राहणं, यात फार फरक आहे. संघ राजगीरला होता तेवढा वर नव्हता आणि जूनमध्ये दिसला तेवढा खालीही नाही.

दाजी म्हणतील, पोरांचा संघ बघा, दोनदा ऑलिम्पिक कांस्य. बघूच या. त्याच जूनमध्ये, त्याच हंगामाच्या प्रो लीगमध्ये पुरुष संघ युरोपात लागोपाठ सात सामने हरला. नेदरलँड्स, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया यांच्याशी प्रत्येकी दोन आणि बेल्जियमशी एक. त्यातले सहा एका गोलनं. आठव्या सामन्यात बेल्जियमला ४-३ नं हरवलं म्हणून थोडी लाज राहिली. नऊ संघांत आठवे आले. म्हणजे शेवटच्या मिनिटांचं हे दुखणं दोन्हीकडे आहे. हरमनप्रीतच्या या पुरुष संघाला दाजी 'देशाचं पडलेलं नाही' म्हणाले का? म्हणाले नसतील तर मुलींनाही म्हणू नये.

नेशन्स कपमध्ये जाणं हा मोठा तोटा आहे. वर्षभर पहिल्या फळीतल्या संघांशी खेळायची जी हक्काची संधी होती ती गेली. आधीच सामने कमी, त्यात ही भर. पण यातून वर येता येतं आणि आपण एकदा आलोही आहोत. डिसेंबर २०२२ मध्ये वॅलेन्सियाला पहिलाच नेशन्स कप झाला, अंतिम सामन्यात यजमान स्पेनला १-० नं हरवून आपण प्रो लीगमध्ये गेलो होतो.

आता तुमच्या मुलीचं. पाठवा, ताई. माझं उत्तर स्पष्ट 'पाठवा' आहे, आणि राष्ट्रीय संघ तळाला गेलाय म्हणूनच आहे. वर लिहिलेली प्रत्येक उणीव, म्हणजे टर्फवरचा सराव, पहिला स्पर्श, दमल्यावरही योग्य बाजूनं अडवणं, भरपूर सामने, ही तेरा ते सतरा या वयात भरून निघते. त्यानंतर निघाली तर थोडीच. शाळेच्या मैदानावर तिनं जे कमावलंय ते वाया जाणार नाही. खडबडीत जमिनीवर बॉल थांबवायला शिकलेल्या मुलींची नजर आणि मनगट चांगलं असतं, टर्फवर गेल्यावर ते उपयोगी पडतं. पण उरलेलं तिला मुरमावर मिळणार नाही.

मात्र फॉर्मवर सही करण्याआधी एकदा दोघांनी जाऊन बघून या. मुलीला घेऊनच जा. आठवड्यात टर्फवर प्रत्यक्ष किती वेळ मिळतो ते विचारा, नुसतं 'टर्फ आहे' यावर समाधान मानू नका. वर्षात बाहेरच्या संघांशी सामने किती होतात ते विचारा. मुलींच्या वसतिगृहात रात्री बाई माणूस राहते का, दुखापत झाली तर कोण बघतं, पाळीच्या दिवसांत सरावाचं काय करतात, हे तुम्ही विचारा. संकोच करू नका, चांगल्या ठिकाणी या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळतात. जेवणघरात डोकावा. दूध, अंडी, डाळ रोज ताटात दिसते का बघा. आणि तिथं आधीपासून असलेल्या एखाद्या मुलीशी तुमच्या मुलीला एकटीला बोलू द्या. तुम्ही पन्नास प्रश्न विचारून जे कळणार नाही ते त्या दोघींच्या बोलण्यात निघेल.

दोन गोष्टी खेळाच्या. इतक्यात तिला 'तू फ्लिकरच हो' म्हणून कुणी मागे लागलं तर होऊ देऊ नका. वाढत्या वयात ड्रॅग-फ्लिकचा अति सराव कंबर आणि पाठ धरतो. पोट, कंबर, मांड्या आधी मजबूत व्हाव्यात, फ्लिक हळूहळू, मोजून, जाणत्या माणसाच्या नजरेखाली यावी. तिला दोन-तीन जागांवर खेळू द्या. आज हाफला खेळणारी उद्या आघाडीला किंवा मागे चांगली निघू शकते. दुसरं म्हणजे कॉर्नरला बॉल ढकलणारी आणि थांबवणारी मुलगी संघाला फ्लिकरइतकीच लागते. ते काम ती आत्ता शाळेच्या फरशीवरसुद्धा शिकू शकते. मैत्रिणीला बॉल ढकलायला सांगायचं आणि आपण तो जागच्या जागी मारून ठेवायचा, उसळू द्यायचा नाही. रोज थोडा वेळ केलं तरी वर्षात फरक दिसतो.

शिक्षणाची आणि नोकरीची काळजी पत्रात लिहिली नसली तरी ती तुमच्या मनात असणार. शाळा सुटत नाही, सुटूही देऊ नका. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पुढे राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि हॉकी खेळणाऱ्या मुलींना रेल्वेनं वर्षानुवर्षं आधार दिलाय. दाजी 'नोकरीसाठी खेळतात' असं टोचून म्हणाले. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहण्यासाठीही खेळत असेल तर त्यात उणं काय आहे? तिच्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणं होतात. पोट चालवायची ओढ आणि देशाची ओढ एका मुलीच्या मनात खुशाल एकत्र राहतात.

राहिलं घरातलं. हे तुम्ही दाजींना सांगू नका, त्यांना हे उत्तर वाचायला द्या. दाजी, तुम्ही मोबाईलवर आठही सामने बघितलेत म्हणजे तुम्हाला या खेळाची माया आहे. माया आहे म्हणूनच राग आला. पोरीशी त्या दिवशीच्या वाक्याबद्दल एकदा नीट बोला. लांबलचक बोलायची गरज नाही. 'मी रागात बोललो, त्या मुलींनी बरोबरी केली होती ते माझ्या लक्षात यायला हवं होतं,' एवढं पुरे.  आपल्या संघाची पुढची मोठी स्पर्धा येईल तोवर मुलगी वसतिगृहात गेली असेल. सामना झाला की तिला फोन करून विचारा, 'कॉर्नरला बॉल नीट थांबला होता का? चौथ्या क्वार्टरला कोण दमलं होतं?' ती तुम्हाला जे सांगेल ते कुठल्याही समालोचकापेक्षा बारकाईनं सांगेल, आणि तुम्ही विचारताय म्हणून पुढच्या वेळी आणखी बारकाईनं बघेल.

ताई, वसतिगृह बघून आल्यावर मला कळवा. टर्फचे तास आणि सामन्यांची संख्या यांचं जे उत्तर मिळेल ते जसंच्या तसं लिहून पाठवा. त्यात काही खटकलं तर सही करण्याआधी आपण पुन्हा बोलू.